हिंगोलीचं स्टेशन फळीवर मांडताना

घरातल्या एका फळीवर छोटी रेल्वे उभी करायची म्हटलं की पहिला प्रश्न बहुतेक वेळा इंजिनाचा निघतो. वाफेचं घ्यायचं की डिझेलचं, कितीला पडेल, मागवायचं कुठून. माझं म्हणणं असं आहे की पहिला प्रश्न सालाचा असायला हवा, आणि जागा जितकी कमी तितका तो जास्त निकडीचा. साल बदललं की नुसता इंजिनाचा रंग बदलत नाही. रुळांची रुंदी, स्टेशनची रचना, गाडीची लांबी, माल चढवण्या-उतरवण्याची रीत हे सगळं बदलतं, आणि त्यातलं काही चार-पाच फुटांत मावतं, काही काही केल्या मावत नाही. हे तपासून बघायला हिंगोलीसारखं दुसरं स्टेशन मिळणं अवघड. म्हणून हिंगोली धरून दोन बाजू इथे समोरासमोर बसवतो. एक आहेत रेल्वेतून निवृत्त झालेले काका. काळाच्या बाबतीत ते काटेकोर आहेत. दुसऱ्या आहेत वसमतकडच्या एका शाळेतल्या मॅडम. मुलांसाठी देखावा उभा करायचा आहे आणि मुलांना सगळ्या गाड्या दिसल्या पाहिजेत, एवढाच त्यांचा आग्रह. दोघंही कल्पित आहेत. त्यांचे मुद्दे मात्र या छंदात पडणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटतात. मध्ये मध्ये मी माझं मत मांडत जाईन.

काका सुरुवात करतात ती नकाशापासून. “मॅडम, हिंगोली म्हणजे एक स्टेशन असं आपण समजतो, पण एकाच जागेवर तीन स्टेशनं होऊन गेली. १९१२ साली पूर्णा जंक्शनपासून हिंगोलीपर्यंत मीटरगेजचा फाटा आला, साधारण ८० किलोमीटरचा. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे त्याआधी दहा-बारा वर्षं सुरू झालेली होती. निजामाच्या राज्यातल्या त्या मुख्य मार्गाची ही एक फांदी. ती हिंगोलीत संपायची, पुढे रूळच नव्हते. जवळजवळ अर्धशतक हिंगोली हे शेवटचं स्टेशन होतं. मग १९६० च्या सुमारास खंडव्याकडून अकोला, वाशीम असा मार्ग येऊन हिंगोलीला मिळाला आणि उत्तरेचं मीटरगेज दक्षिणेच्या मीटरगेजला जोडलं गेलं. जयपूर-काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेस इथूनच जायची. आणि २००८ साली पूर्णा-अकोला ब्रॉडगेज झालं, तेव्हा मीटरगेजचं ते स्टेशनही संपलं. आता सांगा, तुमच्या फळीवर यातलं कोणतं हिंगोली बसवायचं? तिन्ही एकदम बसवाल तर एकही दिसणार नाही.”

मॅडमना हे पटत नाही, आणि त्यांचं न पटणं हलकं नाही. “काका, दिवाळीत पोरं किल्ला करतात. वर महाराज बसलेले असतात, पायथ्याशी मावळे असतात, आणि शेजारीच प्लॅस्टिकचा ट्रॅक्टर उभा असतो. एखादा क्रिकेट खेळणारासुद्धा असतो. कुणाचं काही बिघडत नाही. उलट त्या किल्ल्यामुळेच पोरांना बुरूज, तटबंदी, माची हे शब्द कळतात. मग रेल्वेच्या देखाव्यातच एवढं सोवळं कशाला? पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी छोट्या रेल्वेचं संग्रहालय उभं केलं, १९९८ साली ते लोकांसाठी खुलं झालं. तिथं एकाच देखाव्यात वाफेची गाडी धावते आणि आजकालची वेगवान गाडीही धावते. पोरं काचेला नाक लावून बघतात. साल विचारायला कुणी येत नाही.”

जोशी संग्रहालयाचं उदाहरण योग्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो. तिथला देखावा म्हणजे एक अख्खं शहर आहे. त्यात पूल आहेत, रस्ते आहेत, शेकडो छोट्या वस्तू आहेत. इतक्या पसाऱ्यात प्रत्येक गाडीला आपली अशी जागा मिळते आणि एक गाडी जाऊन दुसरी येईपर्यंत बघणाऱ्याची नजर दुसरीकडे गेलेली असते. तिथला विषय ‘रेल्वे’ हा आहे, एखादं ठिकाण हा नाही. चार-पाच फुटांच्या फळीवर हे जमत नाही. तिथे सगळं एकाच नजरेत येतं. वाफेचं इंजिन, त्याच्या शेजारी विजेचा खांब, मागे ‘एमएच ३८’ पाटीचा टेम्पो, हे एका दृष्टिक्षेपात दिसलं की डोळा ठिकाण बघायचं सोडून वस्तू मोजायला लागतो. मग ती हिंगोली उरत नाही, खेळण्यांचं दुकान होतं. एमएच ३८ हा क्रमांकच हिंगोली जिल्ह्याचा, आणि हा जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ ला. त्या आधीच्या कोणत्याही सालाच्या फळीवर तो टेम्पो उभा राहूच शकत नाही, आणि दुकानाच्या पाटीवर ‘जि. हिंगोली’ असंही लिहिता येत नाही. किल्ल्याच्या बाबतीत मॅडम म्हणतात ते खरं आहे, पण तिथे किल्ला एवढा मोठा आणि ओळखीचा असतो की ट्रॅक्टरला तो गिळून टाकतो. छोट्या स्टेशनाच्या अंगात ते बळ नसतं. त्याची ओळख बारीकसारीक गोष्टींवरच उभी असते.

युरोपात या छंदाचे नियम फार पूर्वीच बांधले गेले. तिथल्या हौशी संघटनांनी मिळून मापांचे नियम ठरवले, तसे काळाचेही टप्पे पाडले, म्हणजे कोणत्या टप्प्यात कोणती इंजिनं, कोणता रंग, कोणती अक्षरं चालतील ते ठरलं. ते टप्पे युरोपच्या महायुद्धांवर आणि तिथल्या कंपन्यांच्या विलीनीकरणांवर बेतलेले आहेत. हिंगोलीला ते लावून काही हाती लागत नाही. इथले टप्पे इथल्याच घटनांनी पडतात. १९३० पर्यंत सरकारी हमी असलेल्या कंपनीची रेल्वे, मग निजाम सरकारची स्वतःची रेल्वे, सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, नोव्हेंबर १९५१ ला ही रेल्वे मध्य रेल्वेत गेली आणि ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे निघाली तेव्हा तिच्याकडे आली. पण फळीवर काम करणाऱ्यासाठी या मालकीच्या तारखांपेक्षा काकांनी सांगितलेले तीन आकार जास्त महत्त्वाचे आहेत. मालक बदलला की डब्यावरची अक्षरं बदलतात. मार्गाचा आकार बदलला की फळीचीच लांबी बदलते.

मॅडम आता बाजू बदलून येतात. “बरं, एकच काळ घेऊ. मग आजचाच घेऊ या. २०२४ पासून मुंबईची जनशताब्दी हिंगोलीपर्यंत येते, पोरांनी ती बघितलीय, काहींनी तिच्यातून प्रवासही केलाय. आजोबांच्या आठवणीतलं इंजिन दाखवण्यापेक्षा त्यांच्या ओळखीची गाडी दाखवली तर काय वाईट?” वाईट काहीच नाही, पण इथे गणित आडवं येतं. जगभर सर्वांत जास्त खपणारं माप आहे एचओ, म्हणजे खऱ्याच्या ८७ वा भाग. त्याचे बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात. खऱ्या जगात ते १,४३५ मिलिमीटरचे, म्हणजे युरोप-अमेरिकेतले रूळ झाले. भारताचं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. ८७ ने भागलं तर १९.३ मिलिमीटर येतात. तेव्हा बाजारच्या रुळांवर भारतीय ब्रॉडगेज गाडी उभी केली की ती अंगापेक्षा अरुंद पायांवर उभी राहते, आणि ज्याने खरी गाडी समोरून पाहिली आहे त्याला ते खटकतं. मीटरगेजचं उलट आहे. १,००० भागिले ८७ म्हणजे साडेअकरा मिलिमीटर, आणि बाजारात १२ मिलिमीटरचे रूळ मिळतात, कारण स्वित्झर्लंडमधल्या डोंगरी रेल्वे मीटरगेजच्या आहेत आणि त्यांचे चाहते जगभर आहेत. अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही. हिंगोलीचं जुनं रूप आजच्या रूपापेक्षा फळीवर जास्त खरं उतरतं, हे ऐकायला उलटं वाटतं पण आकडे तेच सांगतात.

लांबीचा हिशोब याहून कठोर आहे. जनशताब्दीसारख्या गाडीचा आजचा एलएचबी डबा साधारण साडेतेवीस मीटर, म्हणजे फळीवर २७ सेंटिमीटर. असे सोळा डबे धरले तर डब्यांचीच लांबी सव्वाचार मीटरच्या वर जाते, इंजिन वेगळं. ब्रॉडगेजची पूर्ण मालगाडी खऱ्या जगात सहाशे मीटरच्या आसपास असते, ती फळीवर सात मीटर होते. कुणी म्हणेल, चार डब्यांची जनशताब्दी करा. करता येते, पण बघणाऱ्याच्या मनात ती लगेच खेळणं ठरते, कारण चार डब्यांची जनशताब्दी कुणी पाहिलेली नाही. जुन्या फाट्यावरची गाडी मुळातच लहान असायची. शेवटच्या स्टेशनावर येणाऱ्या मिश्र गाडीत थोडे प्रवासी डबे आणि मागे काही वाघिणी असल्या तर ती काटछाट वाटत नाही. मीटरगेजची चार चाकी वाघीण सहा-सात मीटरची. फळीवर ती आठ सेंटिमीटरच्या आत मावते.

इथे काका एक मुद्दा जोडतात, आणि माझ्या मते या सगळ्या वादात तोच सर्वांत वजनदार आहे. “मॅडम, लांबी सोडा. कामाचं बघा. पूर्वी एका व्यापाऱ्याला एक वाघीण लागायची, तो एकच मागायचा. ती वाघीण गाडीतून काढायची, मालधक्क्याला लावायची, भरली की परत गाडीला जोडायची. दिवसभर शंटिंग चालायचं. सांधेवाला सांधे बदलायचा, खलाशी कपलिंग जोडायचा-सोडायचा. १९८० च्या दशकात रेल्वेनं हे सुट्या वाघिणींचं काम आटपतं घेतलं आणि अख्खी गाडी एका ठिकाणी भरायची, एका ठिकाणी रिकामी करायची ही रीत आली. त्यानंतर लहान स्टेशनांच्या मालधक्क्यांवर इंजिनाला हलवाहलव करायला काही राहिलंच नाही. तुमच्या फळीवर तुम्ही काय हलवणार? गाडी आली, थांबली, गेली. पोरगं दोन वेळा बघेल, तिसऱ्या वेळी उठून जाईल.”

काळ म्हणजे काम करण्याची रीत, असं मी धरतो, आणि काकांचा हा मुद्दा त्याचा भक्कम पुरावा आहे. छोट्या जागेत रेल्वे मांडणाऱ्यांनी हे इतरत्रही ओळखलं होतं. ब्रिटनमध्ये ॲलन राइट यांनी ‘इंगलनुक साइडिंग्ज’ नावाची एक मांडणी केली. तीन रूळमार्ग, एकावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींवर तीन-तीन. एकूण वाघिणी आठ. त्यातल्या पाच चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि चिठ्ठीच्याच क्रमाने गाडी जोडायची. क्रम ६,७२० तऱ्हांनी लागू शकतो, त्यामुळे रोज खेळलं तरी सगळी कोडी संपायला वर्षानुवर्षं लागतील. मीटरगेजच्या आठ सेंटिमीटरच्या वाघिणी धरल्या तर हे सगळं सव्वा ते दीड मीटर लांब आणि फूटभर रुंद फळीवर बसतं. पण हे कोडं आजच्या हिंगोलीत खोटं ठरेल, कारण आज तिथे असं काम होत नाही. १९८० च्या आधीच्या कोणत्याही सालात ते खरं आहे. त्या काळाने हे काम दिलं होतं, म्हणूनच ते त्या काळच्या फळीवर शोभतं.

आता काकांना आवर घालायची वेळ येते, कारण त्यांचा जीव मीनाक्षी एक्सप्रेसमध्ये गुंतलेला आहे. वायपी जातीचं वाफेचं इंजिन, १९६० नंतर आलेलं वायडीएम-४ डिझेल, जयपूरपासून काचीगुड्यापर्यंतचा तो लांबचा प्रवास, वाटेत मेळघाटात धुळघाटजवळ रूळ स्वतःच्याच वरून वळसा घेऊन जातात तो देखावा. भारतीय मीटरगेजची शान होती ती, आणि २०१७ च्या सुरुवातीला अकोला-खंडवा भाग बंद झाल्यावर तिची आठवण आणखी हळवी झाली आहे. तरी छोट्या फळीसाठी तो काळ चुकीचा आहे. मीनाक्षी हिंगोलीत एका बाजूने यायची आणि दुसऱ्या बाजूने जायची. असं स्टेशन मांडायचं तर दोन्ही टोकांना पडद्याआड यार्ड लागतं, एकात गाडी थांबवायची, दुसऱ्यातून काढायची. गाडीही लांब, म्हणून दोन्ही यार्डं लांब. दीड मीटरचं स्टेशन साडेचार-पाच मीटरवर जातं. आणि धुळघाटचा वळसा हिंगोलीच्या फळीवर आणणं म्हणजे मॅडमचा ट्रॅक्टर काकांनी दुसऱ्या दाराने आत घेणं. काळ बरोबर, ठिकाण चूक. ज्याच्याकडे अख्खी खोली आहे त्याने मीनाक्षी जरूर करावी. फळीवाल्याने तिचा मोह टाळावा.

शेवटचं स्टेशन मांडायला एकाच टोकाला पडद्यामागचं यार्ड पुरतं, कारण गाड्या फक्त पूर्णेकडून येतात आणि पूर्णेकडेच जातात. ब्रिटनमधले हौशी लोक फाट्याच्या शेवटच्या स्टेशनावर एवढा जीव का टाकतात, याचं एक मोठं कारण हेच आहे. सिरिल फ्रीझर यांनी १९५७ साली आखलेली ‘मिनोरीज’ ही शहरी टर्मिनसची छोटी मांडणी आजही लोक नव्याने बांधतात ती याच सोयीमुळे. शिवाय शेवटच्या स्टेशनावर प्रत्येक गाडीला काम असतं. इंजिन सोडवायचं, बाजूच्या मार्गाने फिरवून गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावायचं, पाणी भरायचं, राख काढायची. गाडी नुसती येऊन जात नाही, तिच्यावर काम करावं लागतं. म्हणून माझी निवड स्पष्ट आहे: शेवटचं स्टेशन असलेली हिंगोली, आणि त्यातही १९५१ ते १९६० हे दशक.

हेच दशक का, याला कारणं आहेत. १९१२ चं स्टेशन पाहिलेलं आज कुणीही नाही. १९५० च्या दशकातलं स्टेशन लहानपणी पाहिलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांना विचारता येतं. शिवाय या दहा वर्षांत जितकं बदललं तितकं नंतरच्या चाळीसात बदललं नाही. रेल्वे निजामाची होती ती मध्य रेल्वेची झाली, म्हणजे डब्यांवरची जुनी अक्षरं खोडून नवी आली. हैदराबाद राज्य १ नोव्हेंबर १९५६ ला विभागलं गेलं, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. निजामाचं चलन, हाली सिक्का, गेलं, १९५७ ला नवे पैसे आले. तिसरा वर्ग अजून होता, तो १९७४ ला गेला, म्हणून डब्याच्या दारावर रोमन तीनचा आकडा हवा. वायपी आणि वायजी इंजिनं १९४९ पासून भारतीय मीटरगेजवर यायला लागली होती, जुनी इंजिनं अजून निघाली नव्हती. इतकं सगळं एका फळीवर दाखवता येतं, फक्त पाट्या आणि वाघिणींवरची अक्षरं बदलून. १९५१ ची फळी आणि १९५९ ची फळी एकाच सांगाड्यावर मांडता येते. मॅडमना काळाकाळातला फरक दाखवायचा आहे ना, तो इथे दाखवता येतो, आणि काहीही खोटं न करता.

यावर मॅडमचा जो आक्षेप येतो तो मला सर्वांत गंभीर वाटतो. “निजामाच्या काळात बांधलेलं स्टेशन, वाफेचं इंजिन, कापसाच्या गाठी, टुमदार प्लॅटफॉर्म. हे सगळं गोड दिसेल. पण त्याच्या थोडंच आधी इथल्या लोकांनी रझाकारांचा जाच सोसला, मुक्तिसंग्रामात माणसं गेली. तो काळ आपण गोड करून मुलांपुढे ठेवायचा का?” हा धोका खरा आहे. छोट्या देखाव्यात सगळं स्वच्छ आणि सुंदर दिसायला लागतं, ही या छंदाची जुनी खोड आहे. पण उपाय काळ टाळण्यात नाही, काटेकोरपणा वाढवण्यात आहे. फळी १९५१ ची असेल तर ती १९४८ च्या पोलीस कारवाईला तीनच वर्षं झालेल्या गावाची फळी आहे, हे दिसलं पाहिजे. भिंतीवरची पुसलेली जुनी अक्षरं आणि त्यांवरची नवी, तिसऱ्या वर्गाच्या डब्याबाहेरची गर्दी आणि पहिल्या वर्गासमोरची मोकळी जागा, मालधक्क्यावर गाठी उचलणारे उघड्या पाठीचे हमाल. हमाल मांडायचे नाहीत आणि गाठी आपोआप वाघिणीत चढलेल्या दाखवायच्या, हे मला खोटं वाटतं. हिंगोली कापसाची बाजारपेठ म्हणून रेल्वे येण्याआधीच ओळखली जायची, आणि तो कापूस माणसांच्या पाठीवरूनच वाघिणीत गेला.

खर्चाचा आक्षेप उरतो. भारतीय मीटरगेजची तयार मॉडेलं बाजारात सहज मिळत नाहीत, हे खरं आहे. पण १२ मिलिमीटरचे रूळ आणि त्यावर चालणारे तयार चेसिस मिळतात, आणि त्यावर पुठ्ठ्याची किंवा थ्रीडी प्रिंटरवर काढलेली भारतीय बॉडी बसवता येते. शंटिंगच्या फळीला इंजिन एक पुरतं. आठ चार चाकी वाघिणी म्हणजे आठ चौकोनी डबे, जाड पुठ्ठा आणि धीर यांतून होतात. बाकीचं तर हिंगोलीतच फुकट आहे. कापसाच्या काळ्या जमिनीची माती चाळून, पातळ केलेल्या डिंकावर भुरभुरली की जमीन तयार, आणि ती दुकानातल्या कोणत्याही पावडरीपेक्षा खरी, कारण ती खरीच आहे. रुळांखालच्या खडीला बेसाल्टचा बारीक चुरा. बाभळीला वाळलेल्या काटक्या. गाठींना खरा कापूस आणि गोणपाटाचा धागा. मॅडमच्या वर्गातली मुलं हे करू शकतात, आणि करता करता जिनिंग-प्रेसिंग म्हणजे काय, गाठ का बांधतात, वाफेच्या इंजिनाला इतकं पाणी कशाला लागतं, हे प्रश्न विचारतीलच.

मॅडम सगळं ऐकूनही एका गोष्टीवर ठाम राहतात, आणि तिथे मी त्यांच्या बाजूला येतो. “आजची गाडी मुलांना दिसलीच पाहिजे. नाहीतर त्यांना वाटेल की रेल्वे म्हणजे गेलेली गोष्ट.” काकांना यावर उत्तर सुचत नाही, आणि सुचू नये, कारण त्यांची बाजू इथे खरंच अपुरी पडते. मार्ग एवढाच आहे की आजच्या हिंगोलीला जुन्या फळीवर जागा न देता तिची स्वतःची फळी द्यायची. त्याच लांबी-रुंदीची दुसरी फळी. पण तिथे अख्खं स्टेशन आणि अख्खी गाडी मांडायचा हट्ट सोडायचा. आजच्या रेल्वेचा एक तुकडाच मांडायचा: एक फाटक, काँक्रीटचे स्लीपर, रंगीत दिव्यांचा सिग्नल, विजेचे खांब, फाटकावर थांबलेला तो एमएच ३८ चा टेम्पो, आणि पडद्यातून निघून पडद्यात शिरणारी गाडी, जिचं पहिलं आणि शेवटचं टोक एकाच वेळी कधीच दिसत नाही. तेव्हा गाडी लांब आहे हे मुलांना आपोआप कळतं. आणि रूळ? काकांना इथे १९.३ मिलिमीटरचे रूळ हाताने घालायचे आहेत, मॅडम १६.५ वर समाधानी आहेत. शाळेच्या फळीसाठी मी मॅडमशी सहमत आहे. पहिल्या फळीवर मात्र मी तेवढी सूट देणार नाही.

दोन्ही फळ्यांचं काम एकदम सुरू करू नये, एवढं माझं शेवटचं म्हणणं. लाकूड कापायच्या आधी हिंगोलीत आणि वसमतमध्ये जी माणसं १९५० च्या दशकात स्टेशनवर जात होती, त्यांच्याकडे वही घेऊन बसावं. पाण्याची टाकी प्लॅटफॉर्मच्या कोणत्या अंगाला होती, मालधक्का स्टेशनच्या इमारतीपासून किती लांब होता, गाडी आली की टांगे कुठे उभे राहायचे, नावाच्या पाटीवर कोणकोणत्या लिप्या होत्या. दोन माणसांची उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिहून ठेवावीत आणि तिसऱ्याला विचारावं. पुठ्ठा दहा वर्षांनीही मिळेल. ती माणसं तोपर्यंत भेटतीलच असं नाही, म्हणून वही आधी.